घंटादान

ठाणे, मिति श्रावण वद्य द्वितीया, शके १७८७, क्रोधननाम संवत्सर.

तीर्थस्वरूप गंगाभागीरथी गोदूआक्का यांचे चरणी कनिष्ठ बंधू परशुराम याचा दंडवत. आपल्या आशीर्वादाने येथे सर्व क्षेम आहे. कल्याणचे क्षेम गावाच्या नावातच असल्यामुळे निराळे विचारीत नाही.

हे पत्र नेहमीप्रमाणे शेजारचे हरिहर मास्तर आपणास वाचून दाखवतील. त्यांसही नमस्कार. त्यांनी एकही शब्द न गाळता वाचावे, आणि वाचून झाल्यावर सर्व शब्द विसरावे, ही विनंती.

आपण पुसविले की, "मुंबईत पेढ्या बुडाल्या म्हणतात, त्यात परशाचे काही गेले काय?" उत्तर सविस्तर देतो. अमेरिका खंडातील यादवी समाप्त झाली. तेणेकरून आपल्याकडील कापसाचा भाव पडला. कापसावर उड्या मारणारे शेअर पडले. आणि त्या शेअरांवर उड्या मारणारे सज्जनही पडले. मुंबईच्या कोटातील 'सन्मंत्र मंडळी' ही पेढी आम्हा पेनशनदारांस कोणता शेअर घ्यावा, कोणता टाकावा, याचा उपदेश करीत असे. ती आषाढातील एका मंगल प्रभाती कुलूप लावून अंतर्धान पावली. तिचा उपदेश तेवढा आमच्यापाशी शाबूत आहे.

या प्रसंगापासून ठाण्यातील पेनशनदारांत धर्मबुद्धीचा अपूर्व उदय झाला आहे, हे कळवण्यास आनंद वाटतो. पेढीस कुलूप लागले आणि चारच दिवसांत चातुर्मास लागला, हा केवळ ईश्वरी संकेत. माझे स्नेही त्र्यंबकराव, निवृत्त नाझर, यांनी रात्रीचे भोजन वर्ज्य केले. तुरुंगाचे निवृत्त जमादार धोंडीबा यांनी पादत्राणे वर्ज्य केली. मी तूप वर्ज्य केले. सायंकाळी आम्ही तिघे कौपीनेश्वराच्या पायरीवर बसतो. त्या देवाच्या नावातील लंगोटीस साजेशी योग्यता आता कोठे अंगी आली आहे. लोक येता-जाता म्हणतात, "काय हो वैराग्य!" आम्ही नम्रपणे मान डोलावतो.

धोंडीबा काल हळूच म्हणाला, "शिरस्तेदार, माझे जोडे फाटलेच हुते, म्हून सोडले."

मी म्हटले, "जमादार, धर्माचरणाचे कारण विचारू नये."

"मंग तुमचं तूप?"

"तेही फाटलेच होते."

आपली भावजय सौ. सगुणा हिने मौन धरले आहे. व्रत कडक आहे. प्रकृती उत्तम.

पंचांगात पाहता पुढील संवत्सराचे नाव 'क्षय' असे आहे. आम्ही तो विधी आगाऊच उरकून घेतला असल्यामुळे पुढील साल सुखाचे जाईल, याविषयी मी निःशंक आहे.

आज्ञाधारक,
परशुराम गोविंद, निवृत्त शिरस्तेदार, अदालत ठाणे, घृतत्यागी.


ठाणे, आश्विन वद्य तृतीया.

तीर्थस्वरूप गोदूआक्का यांस परशुरामाचा दंडवत. आपला निरोप हरिहर मास्तरांच्या सुंदर अक्षरात पोचला. तो येणेप्रमाणे: "परशा मेल्या, संस्कृत कमी कर. अर्थ सांगता सांगता मास्तरला घाम फुटतो. आणि सगुणा मौन जेवताना पाळते की दिवसभर? आणि सगळ्यांशी की तुझ्याशीच?"

आक्का, अदालतीत मी तीस वर्षे वकील पाहिले. आपण त्यांत असता तर निम्मे खटले पहिल्याच दिवशी निकालात निघते.

मास्तरांनी येथून पुढे थोडे हळू आवाजात वाचावे. ओसरीवर कोणी असल्यास आत जावे.

मौन दिवसभर आहे. ते फक्त माझ्याशी आहे. दूधवाल्या सखुबाईशी ती घटकाभर बोलते. तुळशीशी बोलते. आणि आमची कपिला गाय, जी भाकड झाल्यामुळे कोणी विकत घेत नाही, तिच्याशी तर मी ओसरीवर बसलो असता मुद्दाम मोठ्याने बोलते. "कपिले, लाकडं संपली." "कपिले, आज कोणाला तरी सांग, तांदूळ परवापर्यंतच पुरतील." मी उठून लाकडे आणतो. कपिला ही आमच्या घरची सरकारी दुभाषी झाली असून पगार मात्र घेत नाही.

कारण सांगतो. सन्मंत्र मंडळीचा मुनीम चैत्रात आगगाडीने ठाण्यास आला. माणूस सुस्वभावी. त्याने माझे तीन श्लोक शेवटपर्यंत ऐकून घेतले, मधे एकदा 'वाहवा' म्हणाला, आणि चौथा मागितला. आक्का, या जन्मात माझ्याकडे चौथा श्लोक कोणी मागितला नव्हता. त्या चौथ्या श्लोकाला माझी सर्व शिल्लक पडली. ती अपुरी भासली म्हणून मी सगुणेच्या पाटल्या मागितल्या.

तिने पेटी उघडली. पाटल्या हातात घेऊन तिने एकच विचारले: "त्या मुनीमानं स्वतःचे पैसे कुठं ठेवलेत, ते विचारलंत का?"

मी विचारले नव्हते. ते कबूल करण्याऐवजी मी तिला स्त्रियांच्या बुद्धीविषयी एक जुना श्लोक म्हणून दाखवला. तो येथे लिहीत नाही. मुनीम समोरच बसला होता. तो पुन्हा 'वाहवा' म्हणाला.

तिने पाटल्या पाटावर ठेवल्या आणि आत गेली. पेढी बुडाल्यावर एकादशीस तिने व्रत घेतले. त्यात पाटल्यांचे दुःख किती आणि श्लोकाचे किती, याचा निवाडा मला करता येत नाही. करता येतो, पण करवत नाही.

आता शास्त्राची अडचण. आम्ही पेनशनदार व्रते घेताना एक गोष्ट विसरलो. चातुर्मासात जे सोडावे, ते कार्तिकी द्वादशीस दान द्यावे, तेव्हा व्रत सुटते. म्हणजे चार महिने आम्ही जी काटकसर केली, ती एका दिवशी व्याजासह भरावयाची. तूप सोडणाऱ्याने तूप द्यावे. रात्रीचे जेवण सोडणाऱ्याने ब्राह्मण जेवू घालावा. त्र्यंबकराव हे ऐकून म्हणाले, "परशुरामपंत, आपण व्रतातही सन्मंत्र मंडळीच्याच सल्ल्याने पडलो काय हो?"

मौनव्रतास घंटादान सांगितले आहे. आमची घंटा तांब्यापितळेच्या भांड्यांबरोबर भाद्रपदात मोडीत गेली. घंटा नसेल तर व्रत सुटणार नाही, आणि सुटले नाही तर ती आयुष्यभर पाळील; तिचा स्वभाव आपणास ठाऊक आहे. आईच्या देवघरातील घंटा आपल्याकडे आहे. ती घेऊन आपण द्वादशीस यावे. आपणास पाहून तरी ती माझ्याशी बोलेल.

दुसरी बातमी आनंदाची. बाळकुमचे काळुराम यांचे मिठागर आहे. जकातीच्या कचेरीत अर्ज लिहिण्यास त्यांना माणूस हवा, आणि पुढील हंगामासाठी भागीदारही हवा. मी वर्षाची अर्धी पेनशन गुंतवण्याचे मनात आणले आहे. लक्ष्मी समुद्रातूनच निघाली. मीठही तेथूनच निघते. योजना निर्दोष आहे.

आपला,
परशुराम गोविंद, निवृत्त शिरस्तेदार, भावी लवणाधिपती.


ठाणे, कार्तिक शुद्ध त्रयोदशी.

आक्का, दंडवत.

घंटा पोचली. तू आली नाहीस. मास्तर घंटा पंच्यात गुंडाळून आगगाडीने आले, आणि तुझा निरोप त्यांनी दारातच, चपला न काढता सांगितला: "मी आले तर ती माझ्याशी बोलेल आणि तू सुटशील. तुझं तू बघ."

पुढचे बरेचसे मास्तरांनी डोळ्यांनी पाहिले आहे. माझे काही चुकत असेल तर त्यांनी वाचता वाचता दुरुस्त करावे.

सकाळी मी वाटीभर तूप कसेबसे मिळवून त्र्यंबकरावांस दान दिले. त्र्यंबकरावांस एक ब्राह्मण जेवू घालणे भाग होते. त्यांनी मलाच बोलावले. पान वाढले आणि वरणावर तूप आले. पाहतो तर माझीच वाटी. मी त्र्यंबकरावांकडे पाहिले.

ते म्हणाले, "पंत, सन्मंत्र मंडळी दर तिमाहीस आपल्याला जे व्याज देत होती, ते असंच होतं हो. आपलंच तूप आपल्या पानात."

"फरक इतकाच," मी म्हटले, "की हे जेवता येतं."

दोघेही फार हसलो. आषाढापासून त्यांच्या घरी कोणी हसले नव्हते, असे त्यांची सून म्हणाली. धोंडीबाने जुने जोडे शिवून घेऊन एका गोसाव्यास दिले आणि अनवाणी घरी गेला. त्याला मी म्हटले, माझ्या मिठागरावर ये, तेथे चिखलच असतो, जोडे लागत नाहीत. तो म्हणाला, "तुमी हाय तर काय बी लागत न्हाई." ही स्तुती की निंदा, ते ठरवलेले नाही.

तिसऱ्या प्रहरी काळुराम पान-सुपारी घेऊन ओसरीवर आला. मिठागराचा सौदा पक्का करायचा होता. आत सगुणा मास्तरांस घंटा देण्याची तयारी करीत होती. दाराआड पाट मांडलेला दिसत होता. मी ओसरीवरून काळुरामास समुद्रमंथन समजावून सांगत होतो. तो बिचारा "हा, हा" म्हणत होता. मी सुपारीस हात घातला, आणि आत घंटा वाजली. एकदाच. आईची घंटा, आक्का. तिचा आवाज तुला ठाऊक आहे.

मग दाराआडून सगुणेचा आवाज आला.

"मिठावर अवकाळी पाऊस पडला, तर नुकसान कोणाचं, ते विचारलंत का?"

मी कपिलेकडे पाहिले. ती गोठ्यात होती, आणि प्रश्नात तिचे नाव नव्हते.

काळुराम सुपारी खाली ठेवून म्हणाला, "बाय, ह्यो सवाल शिरस्तेदारांनी अजून केलाच नाय."

माझ्या जिभेवर श्लोक आला होता. खोटे सांगत नाही, चांगला होता. मी तो गिळला. तूप सोडणे त्यापुढे काहीच नव्हते.

मी म्हटले, "नाही विचारलं. मला सुचलंच नाही. तूच विचार."

तिने विचारले. पाऊस, जकात, बांध फुटला तर मजुरी कोणी द्यायची, काळुरामाने स्वतःचे किती घातले. काळुराम प्रत्येक प्रश्नाचे सरळ उत्तर देत गेला. माणूस चोख आहे. मुनीमासारखा 'वाहवा' एकदाही म्हणाला नाही. शेवटी ठरले ते तिनेच ठरवले: "यंदा नुसतं अर्ज लिहायचं काम. त्याची मजुरी मिठात नको, रोख. पैसे घालायचे ते पुढल्या साली, मीठ डोळ्यांनी बघून." काळुराम जाताना मला म्हणाला, "पंत, घरात येवरं शहाणं माणूस, अन् तुमी मुंबैला सल्ला घ्याया गेलाव?"

मास्तर घंटा घेऊन स्टेशनास गेले. घंटा आता त्यांची आहे. ती तुझ्या देवघरात पुन्हा टांगली असेल, तर तो त्यांचा चांगुलपणा.

सायंकाळी आम्ही दोघेच होतो. मी म्हटले, "पाटल्या मी परत करीन. दोन वर्षं लागतील, पण करीन."

ती म्हणाली, "पाटल्यांचं नाही."

"तो श्लोक मी विसरलो."

"मी नाही विसरले." मग बराच वेळ चूल फुंकून झाल्यावर, "ताट घेतलंय. बसा."

मी बसलो. तूप नव्हते. ती समोर बसून आमटी कशी झाली ते विचारीत होती, आणि मी उत्तर देत होतो, मराठीत.

कपिलेचे दुभाष्याचे काम काल संपले, आक्का. तीही आता पेनशनीत निघाली.

तुझा,
परशा