चार बोटं मुरूम

दिग्रस. शनिवार, १६ डिसेंबर.

बास्केटबॉलचा चेंडू वरून रिंगमध्ये दाबायची स्पर्धा आज मी जिंकली. आठ वर्षांत पहिल्यांदा पुसदच्या रफिकले हरवलं, अन् जेवण गेलं नाही.

यंदा कापूसच येत नाही, जिनिंग दुपारीच बंद होते अन् मी कामावरून मोकळा. म्हणून काल रिंगखालचे खड्डे मीच बुजवले. चार बोटं मुरूम पडला, म्हणजे रिंग तेवढीच खाली आली. तेव्हा ध्यानात आलं नव्हतं? आलं होतं. मंग बोललो काहून नाही?

आठ वर्षं आम्ही दोघंही तेवढ्यानंच चुकत होतो, कोणीच जिंकत नव्हतं. आज माहा चेंडू आत गेला, पोरं नाचली. मंग रफिकची पाळी. त्यानं आधी बुटाच्या टोकानं मुरूम उकरून पाह्यला. मंग धावत येऊन उडाला. मनगट रिंगच्या वर होतं त्याचं, मी पाह्यलं. पण चेंडू दाबलाच नाही. तसाच हातात घेऊन खाली उतरला.

"जिंकला बे तू," म्हणाला, अन् बसस्टँडकडं निघून गेला.

पाय दुखून राह्यले. सकाळी मुरूम काढून एकटाच उडी मारून पाहीन म्हणतो. चार बोटं कमीच पडतीन, माहीत आहे.