डाव्या दिव्याची चिकित्सा

ती. स्व. दादांचे सेवेशी,

साष्टांग नमस्कार घालण्याचा मानस होता. परंतु आपल्या गाडीच्या डॅशबोर्डखाली डोके घालून पडल्यापासून कंबर आणि डावा खांदा या दोघांनी संप पुकारला आहे, तेव्हा उरलेल्या अंगांचा नमस्कार गोड मानून घ्यावा. इकडील सर्व क्षेम. म्हणजे आपली भगिनी क्षेम आहे, मी भिंतीला धरून चालतो आणि गाडी उभी आहे. तिकडे वहिनींचे गुडघे, आपला रक्तदाब आणि आपला आत्मविश्वास ही तिन्ही पूर्ववत असतील अशी आशा करतो. (तिसऱ्याची काळजी मला कधीच वाटली नाही.)

आपण नवी गाडी घेतल्यावर जुनी आम्हांला दिलीत, त्या औदार्याबद्दल अजून नीट आभार मानायचे राहिले आहेत, आणि या पत्राचा हेतू तो नाही. गाडी देताना आपण बॉनेटवर थाप मारून म्हणाला होतात, ‘पंडित, हिच्या वायरिंगला आजवर परक्या माणसाचा हात लागलेला नाही.’ हे वाक्य मी त्या वेळी स्तुती म्हणून ऐकले. आता कळते की ती पूर्वसूचना होती.

आपणांस ठाऊकच आहे की आपल्या भगिनीची नव्या प्रयोगशाळेत मुख्य म्हणून नेमणूक झाली. इतकी वर्षे दुसऱ्यांच्या हाताखाली रक्ताच्या बाटल्या तपासल्यावर मिळालेली जागा. ती शहराबाहेर, कारखान्यांच्या पलीकडे. तिकडे बस जात नाही. रुजू होण्याआधी हिला लायसन्स हवे, आणि त्याची परीक्षा याच गाडीवर द्यायची. पहिल्या परीक्षेला इन्स्पेक्टर गाडीत बसलादेखील नाही. गाडीमागे उभे राहून त्याने डावीकडचा इंडिकेटर लावायला सांगितला. आत डॅशबोर्डवरची खूण पिसाळल्यासारखी लुकलुकू लागली आणि मागचा दिवा मात्र समाधी लावल्यासारखा निश्चल. ‘बाई, गाडी नीट करून पुढच्या आठवड्यात या,’ एवढे बोलून तो पुढच्या उमेदवाराकडे वळला. ही घरी आली ती एक शब्द न बोलता. आपण तिचे थोरले बंधू आहात, त्या न बोलण्याचे वजन मी आपणांस सांगायला नको.

त्याच संध्याकाळी मी आपल्याला फोन लावला. आपण दिव्याविषयी काहीही न विचारता ‘अर्थिंग’ असे निदान केलेत. (गेल्या वर्षी आमचा मिक्सर बिघडला तेव्हाही अर्थिंगच होते, आणि वहिनींच्या गुडघ्यांनाही आपण एकदा तेच लावून पाहिल्याचे स्मरते.) पुढे म्हणालात, ‘सगळे फ्यूज काढा, एकेक लावून बघा. दोन मिनिटांचं काम.’ आता माझ्यासारख्या आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसाला हा सल्ला म्हणजे आमंत्रणच. कारण हा तर आमचा अन्वय-व्यतिरेक: अमुक असले की तमुक होते, अमुक नसले की तमुक होत नाही, सबब अमुक हे तमुकाचे कारण. मेहुण्यांच्या तोंडून अजाणता का होईना शास्त्र बाहेर पडले, या आनंदात मी कामाला लागलो. तेवढ्यात हिने बाहेरून येऊन कसलीशी लहान पुठ्ठ्याची डबी माझ्यासमोर ठेवली आणि काही म्हणाली. मी विचारात होतो. ती वेळ डब्यांकडे पाहण्याची नव्हती.

डॅशबोर्डखालचे झाकण उघडून मी झाडून सगळे फ्यूज उपटले आणि जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्रावर क्रमाने मांडले. कोणता कुठला, हे त्यांच्या क्रमावरूनच कळणार होते. मग मी हात धुवायला गेलो. जेवणाची वेळ झाली होती. टेबल ज्याचे त्याने आवरावे हा आमच्या घरचा नियम, पण न आवरल्यास ती आवरते हा पोटनियम आहे. परत येऊन पाहतो तो ताटे मांडलेली आणि माझा सगळा क्रम एका वाटीत. ‘रंगीत आहेत की,’ ती म्हणाली, ‘रंगावरून लाव.’ मी तिला शांतपणे समजावले की रंग हा पदार्थाचा आगंतुक धर्म आहे, पदार्थाचे स्वरूप नव्हे. काळी गाय आणि पांढरी गाय दोन्ही दूधच देतात. ती म्हणाली, ‘आमच्याकडे बाटल्यांच्या बुचांचे रंग असेच आगंतुक मानले असते तर अर्धे पेशंट गेले असते.’ हा युक्तिवाद मी विषयांतर म्हणून सोडून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जो फ्यूज ज्या खाचेत बसला तिथे तो बसवला. सगळे सगळीकडे बसत होते, हीच मला ते समान असल्याची खूण वाटली. नंतर समोरच्या टॅक्सीवाल्याने हसू आवरत सांगितले की रंगावरून फ्यूजची ताकद कळते. लहान मोठ्याच्या जागी गेला तर उडतो, मोठा लहानाच्या जागी गेला तर तार जळते. या दोन्ही सिद्धान्तांचा अनुभव मी तोवर घेतला होता. इंडिकेटरच्या वाट्याला आलेला नाजूक फ्यूज पहिल्याच उघडझापीत कामी आला. आणि दणकट फ्यूज गेला आपण स्वहस्ते बसवलेल्या रेडिओकडे. हा रेडिओ आपल्या काळातही कधी बोलल्याचे कोणी ऐकले नव्हते. आता कारण कळले: त्याच्या तारेची साल आपण पक्कडीने खरवडून ठेवली होती आणि बिचारा लहान फ्यूज दर वेळी स्वतः उडून ती चूक झाकत होता. माझ्या दणकट फ्यूजने असली भीड ठेवली नाही. रेडिओ घरघरला, एक बाई ‘नमस्कार श्रोतेहो’ म्हणाली, आणि डॅशबोर्डमधून धूर आला. धुरावरून अग्नीचे अनुमान कसे करावे हे मी कैक वर्षे मुलांना शिकवले. पण ते करताना मांडीची कातडी भाजून निघते, हे आमच्या कुठल्याही सूत्रात नाही. हिने पाना आणून बॅटरीची तार सोडवली आणि आत निघून गेली.

दुसऱ्या परीक्षेच्या दिवशी ती तार पुन्हा जोडल्यावर गाडीत एंजिन, हॉर्न आणि ब्रेकचे दिवे एवढेच जिवंत होते. मी परीक्षेच्या मैदानाच्या फाटकाबाहेर उभा राहून पाहत होतो. इन्स्पेक्टर तोच. त्याने वही उघडली, आणि हिने काच खाली करून सांगितले, ‘इंडिकेटर बंद आहेत. मी हातानं खुणा देते.’ त्याने नियमांत ते बसते का याचा जरा विचार केला आणि आत बसला. दादा, काय सांगू. उजवा हात खिडकीतून सरळ बाहेर, उजवीकडे. हात खालीवर, वेग कमी. हाताचे वर्तुळ, डावीकडे. एकही खूण चुकली नाही. परतल्यावर त्याने विचारले, ‘हे हल्ली कोणी शिकवत नाही, तुम्ही कुठं शिकलात?’ ही म्हणाली, ‘भावाच्या स्कूटरवर मागे बसून. तिचे दिवे तो घरी दुरुस्त करायचा.’

लायसन्स मिळाले. सोमवारी ती रुजू होते आहे. आपले त्यातले योगदान असे नाकारता येण्याजोगे नाही, आणि ते मी नाकारतही नाही.

आपला कृपाभिलाषी, कमरेत वाकलेला,
पंडित

ता. क. आपण रविवारी ती निळी हत्यारांची पिशवी घेऊन गाडी ‘एकदा बघायला’ येणार असल्याचे वहिनींकडून कळले. हे संपूर्ण पत्र त्याचसाठी लिहिले. येऊ नये.

दुसरा ता. क. यायचेच झाले तर पिशवी घरी ठेवून यावे. गाडीचे मी पाहतो आहे. दोष आता दोनच जागी असू शकतो.

(खालचा मजकूर वेगळ्या अक्षरात)

दादा, पाकीट चिकटवायला यांनी माझ्याकडे दिलं म्हणून वाचलं. मागच्या डाव्या दिव्याचा बल्ब गेला होता, बाकी काही नाही. आत इतकं भराभर लुकलुकतं ते त्यामुळेच, असं दुकानदारानं सांगितलं होतं. नवा बल्ब मी पहिल्याच संध्याकाळी आणून यांच्यापुढे ठेवला होता. डबी अजून न उघडता यांच्या तर्कशास्त्राच्या वह्यांवर आहे, पानं उडू नयेत म्हणून. गाडीचा इलेक्ट्रिशियन रविवारी येतोय. त्याची एकच अट आहे, आधी जो दुरुस्त करत होता तो माणूस घरात नको. मी म्हटलं, दोन आहेत. तेव्हा तू शनिवारीच ये, पिशवी आणलीस तरी चालेल, आणि यांना चार दिवस तुझ्याकडे घेऊन जा. वहिनीला सांग, मिक्सर लपवून ठेव.