बारावा दाणा

प्लम क्रीक, कॅन्सस
१२ मे १९९५

प्रिय लिओना,

तुझ्या भावाला लोकांनी म्हातारपणी लेखक केलंय. शाळा मंडळाला आपला इतिहास छापायचाय आणि जुनं आठवणारा मीच हाती लागलो. वासरात लंगडी गाय शहाणी! अठरा एकखोली शाळा मिळून हे मंडळ झालं. आज सहा इमारती, बावीस बस आणि दोन हजार पोरं आहेत. तुझ्या शाळेच्या जागी आता गहू पेरतात. लिहिताना ऊर भरून येतो, खोटं कशाला बोलू?

मग १९५८च्या मतदानाचं पान आलं. तुझ्याच वर्गात, उबेच्या स्टोव्हभोवती सगळे गावकरी बसले होते. शाळा राखायची तर घेवड्याचा दाणा, बंद करून पोरं बसने मंडळाच्या मोठ्या शाळेत धाडायची तर मक्याचा. तुझा हॅल्वर कॉफीचा डबा घेऊन सगळ्यांपुढे फिरला. मका बारा, घेवडा अकरा. आठवड्याभरात मंडळाने हॅल्वरला बस चालवायला दिली आणि तू चारचौघांत त्याला म्हणालीस, "बसच्या चावीसाठी माझी शाळा विकलीस होय रे!" तो नुसता टोपी चुरगाळत उभा राहिला. तू साखरपुड्याची अंगठी त्याच्या हातावर ठेवलीस आणि ओरेगन गाठलंस.

आमची लेक मार्गिट तेव्हा तुझ्याकडे पाचवीत होती. त्या इयत्तेत ती एकटीच. पहिला नंबर तिचा आणि शेवटचाही तिचाच. मधल्या सुट्टीत ती स्टोव्हशी बोलत बसायची. तू जीव तोडून शिकवायचीस गं, पण तिला मैत्रीण कुठून आणणार होतीस?

काल हॅल्वर निवृत्त झाला. सदतीस वर्षं त्याने बस तुझ्या शाळेच्या वळणावरून नेली, तिथे एकही पोर चढत नसताना. मी त्याला ते पान वाचायला दिलं. चष्मा पुसत म्हणाला, "झकास लिहिलंयस. आता खरं लिही. आणि आधी तिला."

लिओना, मक्याचा बारावा दाणा माझा होता. मी मूठ झाकून टाकला, पण डबा त्याच्याच हातात होता, त्याने पाहिला. त्याने स्वतः सगळ्यांच्या आधी घेवडा टाकला होता, तो मी पाहिला होता. तू त्याला बोलत होतीस तेव्हा त्याने माझ्याकडे मानसुद्धा वळवली नाही, आणि मी गप्प बसलो. मार्गिटसाठी केलं त्याचा पस्तावा नाही, पण त्या गप्प बसण्याची लाज वाटते. पुढच्या आठवड्यात ते पान माझ्या नावानिशी छापायला जाईल. हॅल्वरला चार ओळी लिही, असं सांगायचा हक्क मला उरलेला नाही. त्याचा पत्ता तोच आहे.

तुझाच, आजवर गप्प बसलेला,
ओरिन