बाबांचा खोकला समेवर

प्रिय आई,

तुझ्या आणि बाबांच्या पायांवर डोकं ठेवून सांगतो, मी मजेत आहे आणि नोकरी सोडली आहे.

स्टुडिओच्या साहेबांना कानांच्या जागी नुसती भोकं आहेत. गायकाचा श्वास ऐकू आला तरी डाग पडल्यासारखा पुसून टाकतात. तू फोनवर म्हटलेली अंगाई मी रेकॉर्ड करून तिच्यावर गाणं बांधलं, तर म्हणाले, "मधला तो खोकला काढ." अगं, बाबांचा खोकला बरोब्बर समेवर आलाय! पण या ठोंब्याला सम काय कळणार? मी उठून आलो.

आता खोलीतच माझा स्टुडिओ. आवाज घुमू नये म्हणून तुझ्या दोन्ही गोधड्या भिंतींना टांगल्यात. इथे थंडी फारशी नसते. मालक मीच, शिपाई मीच. निदान गाढवांची संगत तरी सुटली.

लहानपणी मी डबे बडवायला लागलो की "बंद कर ते!" म्हणून ओरडणारे बाबा आता माझ्या पहिल्या गाण्यात ताल देतायत, हे त्यांना मुद्दाम सांग.

आणि खोकला अजून आहे का, ते खरं कळव. डॉक्टरांना दाखवलंत का? तो मला गाण्यात हवाय, घरात नको.

तुझा,
डबेबडव्या