जिवंत इमारतीचं सुतक

अडूम, कुमासी

आदरणीय बोआतेंग मामांना सेरवाचा नमस्कार.

गुडघे कसे आहेत? मीठ कमी केलं असेल, असं धरून चालते. (केलं नसेल तर मला कळेलच.)

कुटुंबप्रमुख झाल्यापासून माझ्या मावसभावाला, अड्डाईला, काचेची इमारत उभारायची घाई झाली आहे. तुमच्या मामांनी कोकोच्या पैशातून बांधलेली आपली इमारत तो पाडणार. माझा शिवणवर्ग तिच्याच वरच्या मजल्यावर. शनिवारी कामगार येतील, यंत्रं हलव, असा त्याचा निरोप आला. मी हलवली नाहीत.

उलट इमारतीच्या निधनाची रंगीत पत्रकं छापून बाजारभर चिकटवली. वर तिचा तरुणपणीचा फोटो. खाली शोकाकुल मुलं, म्हणजे तिचे आजवरचे भाडेकरू: थोरला लेबनानी कापडवाला (तो देश सोडून गेला, पण मुलगा तो मुलगाच), मग अर्ध्या कुमासीचे फोटो एकाच कोटात काढणारा स्टुडिओ, मग दातांचा डॉक्टर, आणि त्याच्या खालचा रेडिओवाला (वर दात उपटताना हा आवाज वाढवायचा, म्हणून दोघांचाही धंदा चालला), शेंडेफळ माझा वर्ग.

शनिवारी सगळा बाजार सुतकाच्या लाल-काळ्या कपड्यांत हजर. मंडप, खुर्च्या, ढोल. कामगार हातोडे घेऊन आले. रडणाऱ्यांतून वाट मिळेना, तेव्हा तेही बसले आणि जेवले. मग अड्डाई तावातावाने गाडीतून उतरला.

"सेरवाताई, हा काय तमाशा मांडलायस?"

"हळू बोल. तू कुटुंबप्रमुख. पुढच्या खुर्चीत बस, लोक हात मिळवायला खोळंबलेत."

बसला. चारचौघांत न बसून करतो काय? रांगेतल्या प्रत्येकाचं सांत्वन त्याने स्वीकारलं आणि तिथेच अडकला. एकदा सांत्वन स्वीकारलं की अंत्यविधीची तारीख कुटुंबाने बसून ठरवायची, आणि तोवर मृताला कोणी हात लावायचा नाही. बाजारातल्या म्हाताऱ्यांनी हे त्याला मोठ्याने ऐकवलं. तेव्हा इमारत उभी आहे, मी वर आहे, आणि माझ्या मुली काज-बटणं करताहेत. मी इथून हलणार नाही.

तुमची भाची,
सेरवा

ता. क. तारीख ठरवायची बैठक येत्या रविवारी. तिथे सर्वांचं एकमत व्हावं लागतं. कापडाच्या रंगावरून तुम्ही घातलेल्या वादापायी धाकटी आजी अख्खा पावसाळा शवागारात राहिली, हे अजून कोणी विसरलेलं नाही. या. हरकत कशावर घ्यायची ते तुमच्यावर सोपवते.

आणखी एक. मामींना आणू नका. त्या समजूतदार आहेत.