हिरणी घोडी आणि माझा उजवा हात

३ डिसेंबर १९३४, नवापूर
देवी टोचण्याच्या दौऱ्यासाठी कचेरीने अखेर घोडी दिली. नाव हिरणी. चांगली असती तर आधीच्या टोचणाऱ्याने सोडली असती का? जवळ जाताच कान मागे पाडले. नजर चोरटी. तरी ठरवले, प्रेमळ स्पर्शाने तिचा विश्वास संपादन करायचा. जनावराला माणसाची पारख असते. आठवडा पुरे.

५ डिसेंबर
पहिला प्रेमळ स्पर्श. मागून जाऊन पुठ्ठ्यावर सणसणीत थाप दिली. लाथ बादलीला लागली. बादली सरकारी. शेजारचा टांगेवाला गफूर कुंपणापलीकडून म्हणाला, "साब, आज रहने दो." चेहरा गंभीर, पण मिशी हलत होती. हाच तिला माझ्याविरुद्ध शिकवत असणार.

८ डिसेंबर
घरातच फितुरी! सौ. गोठ्यात होती आणि घोडी तिच्या पदराला तोंड घासत होती. काय बोलत होतीस, म्हणून विचारले. म्हणाली, काही नाही, नुसती उभी होते. नुसते उभे राहायला कोणी गोठ्यात जाते का? लक्ष ठेवायला हवे.

११ डिसेंबर, दुपार
आज ठामपणे प्रेम केले. कान घट्ट धरून कपाळ कुरवाळले. चावली.

रात्री (डाव्या हाताने)
दवाखान्यात पट्टी बांधून हात गळ्यात अडकवून दिला. घसरून पडलो, असे सांगितले. कंपाउंडर म्हणाला, दात कुणाचे? लोक फार खोलात शिरतात.

१४ डिसेंबर
डोंगरातल्या एका पाड्यावर देवीची साथ. एक मूल गेले. ताबडतोब निघण्याचा हुकूम. डाव्या हाताने वांग्यावर टोचून पाहिले. जमते. घोडीवर चढणे मात्र जमेना. दोर धरून पायीच निघालो. ती पुढे, मी मागे. लोकांना वाटावे, तीच मला नेते आहे.

चढावर दम लागला म्हणून दगडावर बसलो. हिरणी जवळ आली. पट्टी हुंगू लागली. गुन्ह्याचा पुरावा तपासत असावी. मी हललो नाही. धोरण म्हणून. बराच वेळ तिचा ऊन श्वास हातावर येत होता. मग तिने मान माझ्या खांद्यावर टेकवली. हेतू कळला नाही. खिशात गूळही नव्हता.

१५ डिसेंबर, पाड्यावर
नेहमीप्रमाणे मला पाहताच दारे लागली. बाया मुले घेऊन रानात पळाल्या. दरवर्षी मी मुलांना धरतो, दंड आवळतो आणि टोचतो. यंदा एक हात गळ्यात. मोहाच्या झाडाखाली बसून राहिलो. दुसरे काय करणार?

घोडी पाहायला मुले आली. निदान हिच्यासाठी तरी आली. पाड्यावरच्या रूपीबाईच्या मुलीने तळहात पुढे केला, हिरणीने हुंगला, पोरगी खिदळली. गेलेले मूल रूपीबाईच्या बहिणीचे. रूपीबाई लांबून माझ्यावरच डोळे रोखून होती. शेवटी तिने त्यांच्या कोकणा जमातीच्या बोलीत विचारले, हात का बांधला? काही सुचले नाही, म्हणून खरे सांगितले. घोडी चावली.

रूपीबाई हसली. मग तुला आता पोरं धरता येत नाहीत, म्हणाली.

नाही, म्हटले.

"मग आधी दाखव. काय लावतोस, कशाने लावतोस."

टोचायचे नश्तर दाखवले. लसही दाखवली. तिने नश्तर स्वतःच्या बोटाला लावून पाहिले. मग मुलीला मांडीवर घेतले आणि तिचा दंड आपणच उघडा केला. पोरीचा दुसरा हात घोडीच्या मानेवर होता. रडली, पण पळाली नाही. पाठोपाठ रानातल्या बाया परत आल्या. दिवस मावळायच्या आत लस संपली. माझ्या वक्तृत्वाचा हा प्रभाव पाहून मी स्वतःच चकित झालो.

२२ डिसेंबर
पट्टी निघाली. साहेबांना रिपोर्ट धाडला. विषय, 'जनावरे व रयत यांस हाताळण्याची माझी सौम्य पद्धत'. बढती नक्की. सौ.ला सांगितले, तर म्हणाली, घोडीचे नाव लिहिले का? ओघात आले आहे.

२८ डिसेंबर
साहेब स्वतः आले. पाड्यावरून त्यांच्याकडे निरोप पोचला होता, पुढच्या खेपेलाही घोडी पाठवा, माणूस कोणीही चालेल. निरोप गफूरने फिरवला असावा. साहेबांनी हिरणीची मान थोपटली. म्हणाले, पद्धत उत्तम आहे. अक्कलकुव्याकडे लोक टोचून घेत नाहीत, तिकडे तिचा उपयोग होईल. मी कोट झटकून पुढे झालो. त्यांना घोडी हवी होती.

मी इथेच. पायी.

३० डिसेंबर
सकाळी अक्कलकुव्याचा शिपाई हिरणीला न्यायला आला. मी समोर जाऊन हात उघडा धरला आणि थांबलो. तिने हुंगला. तळहातावर ओठ टेकवले. मग निघाली. वळणावर तिने मान वळवून मागे पाहिले. मी स्वतः पाहिले. सौ. म्हणते, माशी बसली असेल.

डिसेंबरात एवढ्या माशा नसतात. सौ.ला मत्सर वाटतो आहे.