कुणी न उघडलेलं पान

३ मार्च, सोमवार

पुन्हा तळ्याचं उद्यान सगळ्यात खाली! आमच्या वेबसाइटवर कुठल्या राष्ट्रीय उद्यानाचं पान लोक किती बघतात, त्याचा तक्ता दर सोमवारी मीच करते. साहेबांनी तो सगळ्यांसमोर उंचावून विचारलं, "हे पान कुणी उघडतं तरी का?" मी म्हटलं, मी उघडते. सगळे हसले. खोटं नव्हतं ते. तिथला वनरक्षक माझा नवरा आहे.

१५ तारखेला निर्णय. पान असंच ओस राहिलं तर तिथलं ठाणं बंद, आणि नवऱ्याची बदली इथे. म्हणजे घरी!

४ मार्च

दिवसभर आकडे चाळले. लोकांना काय हवं? मोठं जनावर आणि सोपा रस्ता. सुट्ट्या लागल्या की सगळी पानं फुगतात, शाळा उघडल्या की बसतात. डोंगरावर अस्वलाने कुणाच्या तरी गाडीचा आरसा मोडला, तर आठवडाभर त्या पानावर झुंबड. कुठल्याशा नटीने धबधब्यापाशी लग्न केलं, तो धबधबा अजून खाली यायला तयार नाही. तळ्याकडे काय — बदकं, गवत आणि चिखलाची पायवाट. नवरा तिथे नसता तर मी तरी कशाला उघडलं असतं?

साहेब म्हणाले, "काहीतरी करा, बाई." करायला हवं. पण काही न करता नवरा परत मिळतोय — असं फुकटात कुणाला मिळतं?

७ मार्च

सासूबाईंना सांगितलं. वाटलं, हरखून जातील. भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "येईल गं. पण गप्प होईल. मागच्या सुट्टीत बघितलंस ना, सारखा खिडकीत." बघितलं होतं. तरी त्यांचा रागच आला. मुलगा त्यांचाच आहे ना?

९ मार्च, रविवार

रविवारी तो टेकडीवर चढतो. तिथे रेंज मिळते, मग फोन. बदलीची कुणकुण त्यालाही लागलीय. "तुला काय हवंय?" असं मी विचारलं नाही. विचारलं असतं तर माझ्यासाठी "येतो" म्हणाला असता. तसलाच आहे तो. त्यानेही विषय काढला नाही. पाणमांजरांचंच पुराण लावलं.

मग फोटो आला. दाराबाहेर वाळत ठेवलेला त्याचा बूट, आणि बुटात गाढ झोपलेलं पाणमांजराचं पिल्लू. नाक तेवढं बाहेर. खाली लिहिलंय — "नवीन भाडेकरू. तुला हसवायला पाठवतोय." हसले. मग रडले.

१० मार्च

हा फोटो तळ्याच्या पानावर टाकायचा नाही. माझा आहे तो.

१२ मार्च, बुधवार

टाकला. जेवणाच्या सुट्टीत, डबा न उघडताच. तळ्याचं बोलताना त्याचा आवाजच वेगळा होतो. ते हिसकावून घ्यायचं, त्याला घरात आणून बसवायचं, आणि रोज खिडकीशी त्याची पाठ बघायची? नाही जमायचं मला. तो मला हवाय, फार हवाय. पण असा नको.

१३ मार्च

जग येडं झालंय! "बूट कुठल्या कंपनीचा?" "भाडं किती?" "याची आई कुठे गेली?" लोक नकाशात तळं शोधतायत. साहेबांनी स्वतः चहा आणून दिला. सासूबाई शेजारणीला फोटो दाखवून आल्या. "हा बूट माझ्या मुलाचा," म्हणे. पिल्लाचं नावच नाही!

१५ मार्च, शनिवार

ठाणं राहिलं. उलट एक माणूस वाढवून देणार. नवरा तिथेच. बरं केलं मी. खूप बरं केलं. पलंगावरच्या त्याच्या बाजूला धुतलेल्या कपड्यांचा ढीग टाकला आणि तो आवरला नाही.

१६ मार्च, रविवार

फोन आला. वायरलेसवर सगळं कळलं होतं त्याला. मी म्हटलं, "खूश ना आता?" तो म्हणाला, "मी तर पिशवी भरून ठेवली होती गं."